शनिवारी घाणा बंद

नमस्कार मंडळी.

अलिबागहून उत्तरेला निघालात आणि थळ मागे टाकलंत की नवगाव लागतं. माडांच्या वाड्या, पुढे समुद्र, आणि समुद्रात खांदेरी-उंदेरी. गावाजवळ एक जुनं कब्रस्तान आहे, तिथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथे एक गलबत फुटलं, अशी गोष्ट सांगतात. सात पुरुष आणि सात बायका पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली. वाचलेल्यांनी ती इथेच पुरली, पुरुषांची एका ढिगाखाली आणि बायकांची दुसऱ्या. बरोबर आणलेले धर्मग्रंथ समुद्रात गेले. हातात काहीच उरलं नाही.

[पडद्यावर: रायगड किनाऱ्याचा नकाशा. चौल, रेवदंडा, अलिबाग, नवगाव, किहीम]

हे बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरं. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आजचा व्हिडिओ त्यांच्यावर आहे. थोडा लांब होणार, तरी शेवटपर्यंत बघा. अल्पसंख्याक असणं म्हणजे नेमकं काय, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा या लोकांच्या इतिहासातून जास्त कळलं.

गलबताची गोष्ट लेखी पुराव्याने सिद्ध झालेली नाही, हे आधीच सांगतो. ही माणसं कधी आली आणि कुठून आली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीझ हा थोर ज्यू पंडित एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख करतो. त्यांना धर्मग्रंथ माहीत नाही, ते शनिवार पाळतात आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच त्याने लिहिलंय. ते हेच लोक का, यावर वाद आहे. पण वर्णन चपखल बसतं. पुढे २०१६ साली त्यांच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंशी असलेलं नातंही दिसलं आणि इथल्या मातीशी असलेलं नातंही. म्हणजे गोष्टीतला गाभा अगदीच पोकळ नाही.

माझी आजी पोयनाडकडची. तिच्या बोलण्यात यांचं नाव वेगळंच असायचं. शनवारतेली.

आता हा शब्द जरा उलगडून बघू. किनाऱ्याला लागलेल्या या लोकांनी धंदा धरला तेल गाळायचा. बैल जुंपायचा, घाणा फिरवायचा, खोबरेल, तिळेल काढायचं आणि गावोगाव विकायचं. म्हणजे गावाच्या हिशेबात ते तेली. पण गावातले बाकीचे तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, महादेवाचा वार म्हणून. हे मात्र शनिवारी ठेवायचे. घाण्याची करकर नाही, आणि जुन्या नेमाचं घर असेल तर चूलही पेटायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी बैल सुटला की तो शनिवारी सूर्य बुडेपर्यंत मोकळा.

कारण कुणी विचारलं नसेल असं नाही. पण या मंडळींना तरी सांगता कुठे येत होतं? सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, ते नाही. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तोही नाही. ग्रंथ नाही, हिब्रू विसरलेली. ‘आमच्यात असंच करतात’, एवढंच उत्तर. गावाला ते पुरलं. आपल्याकडे प्रत्येक जातीत काहीतरी असंच करतात. मग गावाने त्यांचं नावच ठेवलं शनिवार तेली, आणि विषय संपला.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ‘भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही’ हे वाक्य आपण फार अभिमानाने म्हणतो. इथल्या शेजाऱ्यांपुरतं ते खरं आहे, आणि छोटी गोष्ट नाही. युरोपात ज्यांना वस्त्यांमध्ये कोंडलं, जाळलं, हाकललं, त्याच धर्माची माणसं कोकणात निवांत झोपत होती. पण त्यांना जागा मिळाली ती जातीच्या उतरंडीत. तेली म्हणून जी पायरी होती, तीच यांची. आणि उतरंडीत जागा मिळाली की उतरंड आपल्याही घरात शिरते. बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग पडले. बाप इस्रायल आणि आई दुसऱ्या जातीची असेल, तर ती संतती काळी. त्यांच्याशी रोटी-बेटी नाही. पुढे सिनेगॉग झाली, तेव्हा तिथेही काळ्यांना मागे बसवत. दोन हजार वर्षं शनिवार न विसरणाऱ्या लोकांनी हेसुद्धा तितक्याच निष्ठेने पाळलं. शेजाऱ्यांकडून आपण नुसती भाषा आणि पोह्यांची चव उचलत नाही.

[थांबून]

बरं, ग्रंथ नाही, पुजारी नाही, तर इतकी शतकं टिकलं काय? सणांची नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफाळणीचा सण. शिळा सण. बिरड्याचा रोजा. अनाशी ढाकाचा सण. एकही नाव हिब्रू नाही, पण प्रत्येकाच्या पोटात एक हिब्रू सण लपलाय. दारफाळणीचा म्हणजे दारं लावून घ्यायचा. हा त्यांचा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा कडक उपास. पांढरे कपडे घालायचे, कुणाला शिवायचं नाही, दिवसभर घरात. दुसऱ्या दिवशी शिळा सण, आदल्याचं शिळं खायचं आणि दानधर्म करायचा. होळीच्या सुमारास त्यांचा पुरीम यायचा, म्हणून त्याचं नाव होळीचा सण. रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आला.

यात मला सगळ्यात भिडतो तो अनाशी ढाकाचा सण. वर्षभर घरात आंबट कालवणाचं एक भांडं असायचं. या दिवसांत ते झाकून ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. बस, एवढाच विधी. आता ज्यूंच्या वल्हांडणाच्या सणाला आंबवलेलं काही खायचं नसतं. का, तर इजिप्तच्या गुलामगिरीतून पळताना पीठ फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून. कोकणातल्या त्या बाईला मोझेस माहीत नव्हता, इजिप्त माहीत नव्हता. फक्त सासूने सांगितलं होतं, आज हे झाकायचं. तिने तिच्या सुनेला सांगितलं. एका अख्ख्या कौमेची मुक्तीची कहाणी शेकडो वर्षं एका झाकणाखाली राहिली, आणि ती सांभाळली स्वयंपाकघरातल्या बायकांनी. इतिहासात त्यांची नावं नाहीत.

मग एक दिवस कुणीतरी येऊन ते झाकण उघडलं. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, अशी परंपरा आहे. काही म्हणतात फार पूर्वी, काही म्हणतात अठराव्या शतकात कोचीनहून. त्याला या लोकांचा संशय आला, शनिवार आणि सुंता बघून. मग त्याने एक परीक्षा घेतली. बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि म्हणाला, रांधा. ज्यू धर्मात ज्याला खवलं आणि पर दोन्ही आहेत तोच मासा चालतो. बायकांनी काय केलं? तेवढेच मासे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. ‘हे आम्ही खात नाही.’ डोळ्यांसमोर आणा हा प्रसंग. समोर टोपली. रावस, बोय एकीकडे. मुशी, कोळंबी, चिंबोऱ्या दुसरीकडे. आणि तो परका माणूस बघत उभा.

त्यांना एक हिब्रू प्रार्थनाही येत होती. ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक, हे इस्राएला’. तिची पहिली ओळ. जन्म, लग्न, मृत्यू, कशालाही तीच. १७३८ सालच्या एका मिशनऱ्याच्या पत्रातसुद्धा हेच नोंदलेलं सापडतं. हे लोक तेली आहेत आणि त्यांना शेमा तेवढी येते. रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्म शिकवला आणि त्यांना काजी नेमलं. ज्यूंचे पुरोहित, आणि नाव काजी!

आडनावं आलीच आहेत तर तीही ऐकून घ्या. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नागावकर, तळकर, अष्टमकर, दिवेकर, वाकरुळकर. रायगड जिल्ह्याचा नकाशा फाडून वाटल्यासारखी. पूर्वी नावंही तशीच होती. सॅम्युअलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी. हिंदी सिनेमातले चरित्र अभिनेते डेव्हिड आठवतात? डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आपल्या चौलचे.

आता कोकणातून मुंबईकडे. अठराव्या शतकात ही मंडळी कंपनीच्या फौजेत शिरली, आणि घाण्यावरची माणसं सुभेदार झाली. सामाजी हसाजी दिवेकर हा त्यातलाच एक. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला. दरबारात विचारलं, जात कोणती? म्हणाला, बेने इस्रायल. टिपूच्या आईने हा शब्द कुराणात ऐकलेला होता, ‘बनी इस्राईल’. तिने मुलाला सांगितलं, यांना मारू नकोस. ही घराण्यात सांगितली जाणारी कथा. सुटून आल्यावर त्याने मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं, ही मात्र इतिहासातली नोंद. साल १७९६, शार हरहमीम, म्हणजे दयेचं दार. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. मस्जिद स्टेशनाचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं, असं कित्येक जण सांगतात. ज्या रस्त्यावर ती आहे तो सॅम्युअल स्ट्रीट.

मग एकामागून एक सिनेगॉग झाली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. अलिबागला सिनेगॉग आहे तो भाग आजही इस्रायल आळीच.

शिकवायला कोण होतं? कोचीनचे ज्यू होते आणि, नवल वाटेल, ख्रिस्ती मिशनरी होते. मुंबईच्या जॉन विल्सन साहेबांनी १८३२ साली या लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. शाळा काढल्या. हेतू उघड होता, हे लोक ख्रिस्ती व्हावेत. झाले ते मोजकेच. बाकीचे त्याच शाळांत हिब्रू शिकले, जुना करार मराठीत वाचला आणि आपल्या धर्मात आणखी पक्के झाले. ते झाकलेलं भांडं का झाकायचं, ते त्यांना आता कळलं होतं.

१८७४ साली पुण्यात एक पोथी छापली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा. हिब्रू मजकूर आणि शेजारी मराठी अर्थ. तिच्यात एक चित्र आहे, ते नक्की बघा. साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. एक मळतेय, एक लाटतेय, एक भाजतेय. इजिप्तमधून सुटल्याचा सण, आणि बैठक आपल्या माजघराची. त्याच सुमारास यांनी कीर्तनंही सुरू केली. बुवा उभे, पेटी, झांजा, आर्या, साक्या, ओव्या, आणि आख्यान अब्राहमाचं, योसेफाचं, मोझेसचं. पूर्वरंग-उत्तररंगाची सवय असलेल्या माणसाला यापेक्षा चांगला वर्ग कुठला मिळणार?

१८७५ मध्ये हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला, १८९७ साली. छापून आला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर ते हयात नव्हते.

मोठ्या पदांवर गेलेली माणसं बरीच आहेत. महालक्ष्मी-वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते मुंबईचे महापौर होते. कवी निस्सीम इझिकेल, १९८३चे साहित्य अकादमी विजेते, हेही याच समाजातले. यादी वाढवत नाही, कारण मला दुसरीकडे जायचं आहे.

मुंबईत दुसरे ज्यूही होते. बगदादहून आलेले, ससून वगैरे श्रीमंत व्यापारी. सुरुवातीला दोघं एकाच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करायचे, एकाच कब्रस्तानात माती द्यायचे. मग बगदादींना वाटू लागलं की हे सावळे, मराठी बोलणारे लोक पुरते ज्यू नव्हेत. कब्रस्तानात मध्ये भिंत घालून द्या, असा अर्ज त्यांनी सरकारकडे केला. मेलेल्यांच्या मध्ये भिंत. घरात काळ्या-गोऱ्याचा भेद पाळणाऱ्यांना आता स्वतःच्याच धर्मात ‘काळे’ ठरवलं जात होतं.

[पडद्यावर: १९४८]

इस्रायल देश झाला तेव्हा भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. ते निघाले. कुणी हाकललं म्हणून नाही. धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टमसारख्या नोकऱ्यांची शाश्वती राहिली नव्हती, भाऊ गेला म्हणून बहीण गेली, मुलामुलींना स्थळं तिकडेच मिळणार म्हणून आई-बाप गेले. कोकणातली घरं एकेक करून बंद झाली.

तिकडे स्वागत कसं झालं? वाळवंटाच्या कडेच्या नव्या वस्त्या, हलकी कामं, आणि रंगावरून मिळणारी वागणूक. काही जणांनी १९५१ मध्ये धरणं धरलं की आम्हाला परत भारतात पाठवा. १९५२ मध्ये शंभरावर माणसं खरोखर परत आली. पुढे त्यातले बरेच पुन्हा इस्रायलला गेले. कारण इकडेही आता आळीत कुणी उरलं नव्हतं.

पण खरा घाव पुढे बसला. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं लावायचा अधिकार रब्बींकडे असतो. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने एक आदेश काढला. बेने इस्रायल मुलगा किंवा मुलगी लग्नाला उभी राहिली, तर तिची आई, आजी, त्यामागे जाता येईल तितक्या पिढ्या तपासा. सगळे ज्यू होते का? पूर्वजांत कुणाचा घटस्फोट, पुनर्विवाह धर्मशास्त्राच्या बाहेर झाला होता का?

कल्पना करा. रोह्याजवळच्या खेड्यात तेल विकणाऱ्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? रब्बींची शंका अशी की इथे धर्मन्यायालयच नव्हतं, तर घटस्फोट शास्त्राप्रमाणे कसे होणार? आणि यांचं उत्तर काय होतं? आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच, विधवांची लग्नंही होत नसत, कारण आजूबाजूच्या हिंदूंत होत नसत. ज्या रुढीपायी कोकणातल्या कित्येक तरण्या विधवांनी आयुष्य कोपऱ्यात काढलं, तीच रुढी शुद्धतेचा पुरावा म्हणून पुढे करावी लागली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पण ही माणसं गप्प बसली नाहीत. दोन वर्षं निदर्शनं, मोर्चे, आणि १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या. ऑगस्टमध्ये त्यांच्या संसदेचं खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, कुठलाही भेद नको. धर्मपीठाला आदेशातून ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढावे लागले.

आज दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी ऐकू येतं. म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त, नातवंडांच्या कमी. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलंय. महाराष्ट्र दिन साजरा होतो. आणि मलिदा होतो.

मलिदा सांगायचा राहिलाच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा. तबकात मध्ये हा डोंगर आणि भोवती फळं. लग्न, बारसं, नवं घर, नवस फेडणं, काहीही असो, संदेष्टा एलियाहूला आळवायचं आणि मलिदा वाटायचा. जगातल्या इतर ज्यूंत हा विधी असा कुठे नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या मानतात. इस्रायलहून आलेली कुटुंबं आधी तिथे जातात. प्रार्थनेसाठी द्राक्षाची वाइन लागते, ती कोकणात कुठली? मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात. तेच चालतं.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. तोवर फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहावं लागायचं. दर्जा आला तेव्हा राज्यात या समाजाची मोजकीच माणसं उरली होती. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये ते दहा जमवणंच कठीण झालंय.

मी पुढच्या महिन्यात रेवदंड्याला, बेथ एल सिनेगॉगला शूटिंगसाठी जाणार आहे. त्याआधी एक काम तुमच्याकडे मागतो. तुमचं गाव पेण, रोहा, मुरूड, अलिबाग, पनवेल या पट्ट्यातलं असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्याकडे शनवारतेल्याचं घर होतं का? घाणा कुठे होता? आता तिथे काय आहे? उत्तर मिळालं की गावाच्या नावासकट मला लिहून पाठवा. माझ्या आजीला पोयनाडच्या घाण्याची जागा माहीत होती. मी विचारायला उशीर केला.